रोह्याची रेघ

त्या दिवशी सकाळी शकूनं कचेरीच्या पायरीवर चपला काढल्या आणि आतून नासिरचा आवाज आला, "या ताई, या. रोह्याची म्हातारी तुमच्या आधी कामावर आलीय."

शकूनं कपाळाला हात लावला.

पेणला रामवाडीच्या अंगाला एका बैठ्या इमारतीच्या दोन खोल्यांत भूकंपमापन केंद्र होतं. बाहेर पाटी होती, पण तिच्यावरची अक्षरं उडाल्यामुळे लोक अधूनमधून विजेचं बिल भरायला आत येत. आतल्या खोलीत टेबलावर तीन ड्रम संथपणे फिरत असायचे. प्रत्येकावर कागद गुंडाळलेला आणि कागदावर शाईची एक सुई टेकलेली. एक सुई पेणच्या जमिनीची, दुसरी महाडकडे डोंगरात बसवलेल्या यंत्राची, तिसरी रोह्याची. तिथली यंत्रं जमिनीत जे जाणवेल ते रेडिओवरून इथे पाठवत आणि सुया ते कागदावर उतरवत. जमीन शांत असली की सरळ रेघ, हलली की थरथर.

रोह्याची सुई त्या वेळी नाचत होती. दण, जराशी उसंत, दण, पुन्हा उसंत, दण.

शकूनं लाल पेन्सिल घेतली आणि त्या नाचाच्या बाजूला लिहिलं, 'स्थानिक गोंगाट'. चैत्र लागल्यापासून हेच दोन शब्द रोज लिहून तिचं बोट दुखायला लागलं होतं.

"तेवढ्यानं भागत नाय आज," नासिर म्हणाला. तो केंद्राचा मेकॅनिक. हात कायम शाईचे आणि तोंड कायम चालू. "हे बघा. पेणच्या रेघेवर कायतरी येऊन गेलंय. महाडवर पण आलंय. बारीकच आहे, पण खरा धक्का आहे. आणि रोह्याला नेमकी त्याच वेळी बाई दणादण पापडाचं पीठ कुटतायत!"

शकूनं वाकून पाहिलं. खरं होतं. पेणच्या आणि महाडच्या रेघेवर लहानसा, पण स्वच्छ हिसका उमटला होता. रोह्याच्या कागदावर तो असणार, पण त्या दणक्यांच्या गर्दीत कुठे सुरू झाला ते कोणाच्या बापाला कळलं नसतं. दोन रेघांवरून धक्क्याचं अंतर निघतं, जागा निघत नाही. नकाशावर दोन वर्तुळं काढली की ती दोन ठिकाणी एकमेकांना छेदतात. आजही तसंच झालं. एक ठिकाण गडब गावाच्या आसपास, दुसरं उलट्या अंगाला डोंगरात. खरं कोणतं, हे तिसरी रेघच सांगणार. आणि तिसरी रेघ पापड करत होती.

चहा यायच्या आत गडबचे महिपती आले. हे दरवेळी यायचे. जमीन गुरगुरली की पहिली एसटी पकडायची, डोक्यावरची टोपी मांडीवर ठेवून बाकावर बसायचं आणि विचारायचं.

"म्याडम, आज परत झालं. फडताळातल्या ताटल्या वाजल्या. सून पोराला घेऊन अंगणात जाऊन बसलीय, घरात येत नाय. आमच्या खाली हाय का नाय, तेवढं सांगा."

"तपास चालू आहे, महिपतीकाका."

"मागल्या खेपेला पण तपासच चालू हुता."

"यंत्रात जरा अडचण येतेय."

"पेपरवाला म्हणतो, खाणीतला सुरुंग. सरपंच म्हणतो, अफवा. तुम्ही म्हणता, अडचण." महिपतींनी टोपी डोक्यावर चढवली. "हाय म्हणा नायतर नाय म्हणा. मधल्यामध्ये माणसानं झोपायचं कुठं?"

ते गेल्यावर नासिर म्हणाला, "ताई, तुम्ही जाता ना रोह्याला बॅटरी बघायला? त्या म्हातारीला एकदा खडसवा की. नायतर मला पाठवा. मी तिचं उखळच उचलून आणतो."

"सांगितलंय मी. ऐकत नाही."

"फार आगाऊ दिसते."

"आहेच," शकू म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली. कारण रोह्याची ती म्हातारी म्हणजे तिची आई होती. हे केंद्रात कुणालाही माहीत नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. रोह्याचं यंत्र आधी जंगलात होतं. तिथून बॅटरी चोरीला गेली, मग सौरपट्टी गेली, मग नवी बॅटरी गेली. शेवटी मुख्य कचेरीतून हुकूम आला, वस्तीजवळ, राबत्या घरामागे, पक्क्या कातळाची जागा शोधा. शकूनं महिनाभर जागा शोधल्या आणि प्रत्येक जागी तिला आपल्या माहेरचं परडं आठवत राहिलं. घरामागे काळा सलग कातळ. भाऊ मोरू कोलाडला खानावळ चालवतो, वडील कधीच गेलेले, घरात एकटी आई. एकटी बाई कसला आवाज करणार? एवढं शिकलेल्या शकूला वर्षाच्या पापडांची आठवण झाली नाही, कारण ती माहेरी जायची ती गणपतीत. चैत्रात कधी गेलीच नव्हती.

आणि सांगितलं का नाही? तर केंद्रात ती एकटी बाई. एकदा डबा उघडून लोणच्याची बाटली टेबलावर ठेवली तर मुख्य कचेरीतून तपासणीला आलेले टिपणीससाहेब म्हणाले होते, ही प्रयोगशाळा आहे, स्वयंपाकघर नाही. सरकारी यंत्र माहेरच्या परड्यात बसवलं असं कळलं असतं तर जागा कितीही चांगली असो, फाइल परत आली असती. कागदावर नाव होतं विमल खरिवले, राहणार रोहा. शकू लग्नानंतर मढवी. कोण जुळवून बघतंय?

यंत्र बसवायला टिपणीससाहेब स्वतः आले होते. शकूनं आईला आधीच बजावून ठेवलं होतं की ओळख दाखवायची नाही. विमलबाईंना ते काम भलतंच आवडलं.

"या बाई, बसा," त्यांनी पोटच्या पोरीला पाट दिला. "कुठल्या तुम्ही?"

"पेणची."

"लगीन झालंय?"

"झालंय."

"मग आईला भेटायला जाता का मधनंअधनं? का नोकरीतनं सवडच नाय गावत?"

साहेब हसले. शकू दात आवळून कातळाकडे बघत राहिली. साहेबांना आणि नासिरला पाणी आलं ते पाहुण्यांच्या नव्या पेल्यांतून. शकूच्या हातात आला तिचा लहानपणचा पोचे पडलेला पितळी पेला. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण पाणी संपेपर्यंत तिच्या जिवात जीव नव्हता.

तर त्या दिवशी, महिपती गेल्यावर, शकू रस्त्यापलीकडच्या एसटीडी बूथमध्ये गेली आणि काचेचं दार ओढून घेतलं.

"आई, सकाळी कुटत होतीस?"

"कोण बोलतंय? सरकारी बाई का?"

"आई, थट्टा नको. किती वेळा सांगितलं तुला?"

"मग पीठ न कुटता पापड लाटू? फाटतात ते. कुटून कुटून हाताला रबरासारखं लागलं पायजे."

"दुपारी कुट."

"दुपारी तुझा भूकंप येत नाय वाटतं? तसं लिहून दिलंन का त्यानं?"

"मग विकत आण. पेणमध्ये ढिगानं मिळतात. मी पाठवते."

"विकतचे पापड. माझ्या घरात. तू गो मला शिकव."

शकूनं डोळे मिटले. बाहेर एक माणूस काचेवर नाण्यानं टकटक करत होता. "हे बघ आई. गडबची माणसं घाबरून अंगणात बसलीत. जमीन त्यांच्या खालची हलतेय की दुसरीकडची, एवढंच त्यांना हवंय, आणि मला सांगता येत नाही. तुझ्या पापडांपायी."

"माणसं अंगणात बसलीत?"

"हो."

"बायापोरं?"

"हो ग आई."

"मग तसं आधी नाय का सांगायचं! तू आपली म्हणतेस, रेघ खराब होते, रेघ खराब होते. मला वाटलं तुझा साहेब ओरडतो. रेघेचं मला काय?" विमलबाईंचा आवाज जरा खाली आला. "बघते काय करायचं ते. लाट्या ठेवल्यात तुझ्यासाठी. रविवारी ये, तेल घालून देते."

"रविवारी नाही जमायचं."

"मग बॅटरी बघायला ये. बॅटरीसाठी असतो तुला वेळ."

"ठेवते," शकू म्हणाली, आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा नासिरनं चहा आधीच मागवला होता. रोह्याची रेघ पट्टी धरून ओढावी तशी सरळ होती. "म्हातारी थंडावली हो ताई!" तो म्हणाला. "काय मंत्र घातलात?" शकूलाही हसू आलं. ऐकलं एकदाचं, असं वाटून तिनं खांदे सैल सोडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा लाल पेन्सिल तिनं हातात घेतली नाही.

दुपारी कचेरीचा फोन वाजला. मोरू होता. "शके," तो म्हणाला, "आई गेली."

ड्रम फिरत होते. रोह्याची सुई सरळ चालली होती.

नासिरला तिनं एवढंच सांगितलं की आई वारली, कोलाडला जाते. दिवस कोलाडला मोरूकडेच झाले. नासिर एकदा येऊन ओटीवर बसून गेला. जाताना म्हणाला, "ताई, केंद्राची काळजी करू नका. रोहा एकदम शांत आहे. म्हातारी हूं का चूं करत नाय." त्याला वाटलं, ताईंना तेवढंच बरं वाटेल.

शकूनं आयुष्यात पुष्कळ वाचलं होतं. पुस्तकांतल्या बायका अशा वेळी खिडकीशी उभ्या राहतात, त्यांना काहीतरी उमगतं. शकूला नुसती चीड येत होती. मोरूच्या खानावळीतून येणाऱ्या फोडणीच्या वासाची चीड, भेटायला येऊन "वय झालंच होतं" म्हणणाऱ्यांची चीड, आणि सगळ्यांत जास्त आईची. सहा वर्षं सांगितलं असतं तरी जी बाई ऐकायची नाही, तिनं एका फोनवर ऐकावं आणि मग असं निघून जावं. बोलायला जागाच ठेवली नाही.

रोह्याचं घर आवरायला ती एकटीच गेली. शेजारच्या मैनाकाकूंनी किल्ली आणून दिली आणि दारातच उभ्या राहिल्या. माजघरात उखळ नव्हतं. त्याच्या जागी फरशीवर नुसता गोल डाग होता. उखळ निघालं पुढच्या पडवीत, रस्त्याच्या बाजूला, परड्यापासून जितकं लांब नेता येईल तितकं लांब. आणि त्याच्या खाली चारपदरी घडी करून गोधडी घातलेली.

"हे इथं कसं आलं, काकू?"

"आम्ही दोघींनी लोळवत आणलं, आदल्या सांजचं. मी म्हटलं, विमल, येड लागलंय का तुला? तर म्हणाली, गडबच्या माणसांचं काम हाय, तुला नाय कळायचं." मैनाकाकूंनी पदरानं नाक पुसलं. "सकाळी कुटलंन पण. मी आयकला ना आवाज. धप, धप, मऊ मऊ. मला म्हणाली, मैने, आता जातं का बघ पेणला. आणि हसली. मग च्या प्यायली, म्हणाली छातीत कसंसंच होतंय, जरा पडते."

शकू खाली बसली. गोधडी तिच्याच जुन्या साड्यांची होती. कॉलेजात नेसलेली निळी, साखरपुड्याची अंजिरी. सगळी पिठानं माखून कडक झाली होती. चांगली गोधडी पिठात घातली, एवढंच तिच्या मनात आलं, आणि पुन्हा चीड आली. पोतं घालता आलं नसतं? घरात पोत्यांना काय तोटा होता? डब्यात लाट्या होत्या, वाळून गोट्या झालेल्या. त्या तिनं टाकल्या नाहीत, डबा तसाच पिशवीत ठेवला.

पेणला आल्यावर तिनं त्या सकाळचा कागद काढला. खिडकीशी नेऊन पाहिला, भिंग लावून पाहिला. सरळ रेघ. आईनं जन्मात एकदा तिच्या म्हणण्याप्रमाणे काम केलं होतं आणि त्याचा मागमूस नव्हता. ज्या सकाळी आई अंथरुणाला टेकून वाट बघत असेल, पोचलं का, नाही पोचलं, त्या सकाळी इथे चहा झाला होता.

वैशाखात गडबला पुन्हा गुरगुर झाली. या वेळी तिन्ही रेघांवर हिसका स्वच्छ उमटला आणि तीन वर्तुळं एका ठिकाणी येऊन भेटली. गडबच्या पश्चिमेला, शेतांच्या खाली, फार खोल नाही, फार मोठाही नाही. महिपती आले तेव्हा शकूनं नकाशावर बोट ठेवलं.

"तुमच्या खालीच आहे, काका. लहान आहे. पण आहे. आता कळलंय, तर आम्ही लक्ष ठेवून आहोत. जुन्या भिंतीला लागून झोपू नका, जड भांडी खाली उतरवून ठेवा."

महिपतींनी नकाशावरच्या त्या जागेवर आपलंही बोट टेकवलं. "हाय म्हणजे हाय," ते म्हणाले. "सुनेला येडी ठरवीत हुतो आम्ही." जाताना त्यांनी बाकावर कापडी पिशवी ठेवली. "वाल हायेत, कडवे. नासिर सांगत हुता, रोह्याच्या कोण बाईनं कुटणं थांबवलं म्हणून हे कळलं. तिला द्या. म्हणावं, गडबवाल्यांनी दिलेत."

पिशवी बाकावरच राहिली. नासिरनं दोनदा विचारलं, "ताई, रोह्याला जाताय ना? पिशवी न्या." शकू म्हणाली, "नेते." जायची हिंमत झाली नाही आणि घरी न्यायचीही झाली नाही.

टिपणीससाहेब तपासणीला आले ते त्याच आठवड्यात. रोह्याच्या यंत्राचं ठाणं ठेवायचं की हलवायचं, हे त्यांनी ठरवायचं होतं. टेबलावर त्यांनी हंगामाचे सगळे कागद पसरले आणि चष्मा कपाळावर चढवून वाचायला लागले. "स्थानिक गोंगाट. स्थानिक गोंगाट. अहो, काय आहे हे? रोज? ही जागा निवडली कोणी?"

"मी, साहेब."

"हं. आणि इथून पुढे एकदम शांत." त्यांचं बोट त्या सकाळच्या कागदावर थांबलं. "आणि गडबचा धक्का तर फारच सुरेख आलाय. हे कसं जमवलंत?"

"म्हातारी सुधारली, साहेब," नासिर चहाचे कप ठेवत म्हणाला. "ताईंनी अशी तासली तिला, त्या दिवसापासून मुसळाला हात लावला नाय. आता तर गडबवाले तिला वाल पाठवतायत."

साहेब खूश झाले. "मग ठेवायला हरकत नाही. मढवीबाई, शेऱ्यात लिहा, घरमालकिणीच्या सहकार्याने गोंगाट बंद झाला. सही करा, मी वर पाठवतो. फक्त पुढच्या चैत्रात ही बाई पुन्हा सुरू नको व्हायला. सांगून ठेवा तिला."

शकूनं पेन उघडलं. लिहायला एक ओळ होती. लिहिली की रोह्याचं ठाणं राहणार होतं, महिपतींना उत्तर मिळत राहणार होतं, आणि कुणी काही विचारणार नव्हतं. नाही लिहिली तर चौकशी, माहेरच्या परड्यात सरकारी यंत्र, फाइल परत, आणि गडबवर पुन्हा दोन वर्तुळं. हे सगळं तिला समोरच्या कागदासारखं स्पष्ट दिसत होतं.

"सांगून ठेवाल ना?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

"नाही, साहेब." तिनं पेन खाली ठेवलं. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "ती वारली. ज्या दिवशी ही रेघ सरळ झाली, त्याच दिवशी."

नासिरचा हात कपावर तसाच राहिला. "ताई, पण त्या दिवशी तर तुमच्या..."

"हो," शकू म्हणाली, आणि त्या सकाळच्या कागदावर, जिथं काहीच नव्हतं तिथं, तिनं बोट ठेवलं. "माझी आई होती ती. विमल खरिवले माझी आई. इथं, या ठिकाणी, ती उखळाखाली गोधडी घालून कुटत होती. काही उमटलेलं नाही, पण कुटत होती. तेवढं आधी लिहून घ्या, साहेब. मग ठाण्याचं काय करायचं ते ठरवा."